शनीवरचा मुसद्दस आणि बिघाडाची वही

उर्दू शायरीशी थोडीफार ओळख असलेल्यांना ‘मुसद्दस’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्या कवितेचं प्रत्येक कडवं सहा ओळींचं असतं, ती मुसद्दस. मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांची १८७९ सालची दीर्घ कविता तर ‘मुसद्दस-ए-हाली’ याच नावानं घराघरांत पोहोचली. पण हा शब्द फक्त शायरांचा नाही. मुसद्दस म्हणजे सहा भागांचं, सहा बाजूंचं. भूमितीच्या तासाला उर्दू माध्यमाची मुलं षट्कोनाला मुसद्दसच म्हणतात. तसाच पाच बाजूंचा तो मुखम्मस आणि आठ बाजूंचा तो मुसम्मन. आग्र्याच्या किल्ल्यातला मुसम्मन बुरूज आठ बाजूंचा आहे म्हणून त्याचं ते नाव. एकच शब्द कवितेच्या कडव्यालाही आणि दगडी बुरुजालाही चालतो, याची मला नेहमी गंमत वाटते.

या तिन्ही आकृत्या आकाशातही आहेत. शनीच्या उत्तर ध्रुवाभोवती ढगांचा एक प्रचंड मुसद्दस फिरतो आहे. त्याची एकेक बाजू सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर लांब आहे. आपल्या पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे अख्खी पृथ्वी त्या एका बाजूवर ठेवली तरी जागा उरेल. गुरूच्या दक्षिण ध्रुवावर मधोमध एक चक्रीवादळ आहे आणि त्याच्याभोवती पाच वादळांचा मुखम्मस. उत्तर ध्रुवावर मधल्या वादळाभोवती आठ वादळांचा मुसम्मन. ही वादळंही लहान नव्हेत. उत्तरेकडची चार हजार किलोमीटरहून मोठी आहेत, दक्षिणेकडची त्याहूनही मोठी.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. विज्ञान हा माझा विषय नाही. तरी मुलं हे प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात, कारण त्यांना मोबाइलवर जे व्हिडिओ दिसतात त्यांत भूगोल कमी आणि कहाणी जास्त असते. असे व्हिडिओ दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारात सांगतात की इतकी सरळ रेषा निसर्गात असूच शकत नाही, ही कोणीतरी बांधली आहे. त्यातलेच काही पुढे जातात. घनाकृती ठोकळा कोपऱ्याकडून पाहिला की त्याची बाहेरची रेषा षट्कोनी दिसते, काबा घनाकृती आहे, म्हणजे मुसलमान शनीची पूजा करतात, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या प्रकारचे व्हिडिओ आपल्याच लोकांचे. त्यांच्या मते शनीवरचा षट्कोन म्हणजे एक चमत्कार, आणि ही गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक होती.

दोन्ही प्रकारच्या व्हिडिओंना मी एकच प्रश्न विचारायला सांगते. हे पहिल्यांदा कोणी पाहिलं, कधी पाहिलं आणि कशानं पाहिलं? इतिहासाचा हा साधा प्रश्न विचारला की बरीचशी धूळ खाली बसते.

शनीचा मुसद्दस १९८८ साली सापडला. सापडला तो आकाशात नव्हे, कागदपत्रांत म्हणायला हरकत नाही. ‘व्हॉयेजर १’ हे यान १२ नोव्हेंबर १९८० रोजी शनीजवळून गेलं. ‘व्हॉयेजर २’ पुढच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गेलं. त्यांनी पाठवलेली छायाचित्रं जगभरच्या वर्तमानपत्रांत छापली गेली, कड्यांची चर्चा झाली, उपग्रहांची झाली. षट्कोनाबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण तो कोणाला दिसलाच नव्हता. यानं ध्रुवाच्या थेट डोक्यावरून गेली नव्हती. बाजूनं, तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रांत त्या ढगांचा कुठे एक तुकडा, कुठे दुसरा तुकडा होता. डेव्हिड गॉडफ्री या संशोधकानं ती जुनी छायाचित्रं पुन्हा काढली, एकेक चित्र ध्रुवावरून पाहिल्यासारखं सपाट नकाशावर उतरवलं आणि तुकडे एकमेकांना जोडले. तेव्हा मधोमध ध्रुव आणि भोवती सहा कडा अशी आकृती समोर आली. चित्रं येऊन सात वर्षं झाली होती. म्हणजे षट्कोन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण कोणत्याही एका चित्रात पुरता नव्हता.

आता ज्या यंत्रांनी ही चित्रं काढली त्यांची गोष्ट ऐका. ती सहसा कोणी सांगत नाही.

‘व्हॉयेजर २’ २० ऑगस्ट १९७७ रोजी निघालं. वर्षही पूर्ण झालं नव्हतं, आणि एप्रिल १९७८ मध्ये त्याचा पृथ्वीचे आदेश ऐकणारा मुख्य रिसीव्हर निकामी झाला. राखीव रिसीव्हर होता, पण त्यातही एक भाग बिघडला. पृथ्वी फिरते, यान पळतं, त्यामुळे पृथ्वीवरून पाठवलेल्या लहरींची कंप्रता यानापर्यंत पोहोचताना सतत थोडी बदलते. चांगला रिसीव्हर तो बदल आपोआप पकडतो. आपण जुन्या रेडिओचं बटण किंचित फिरवून स्टेशन धरायचो तसंच ते काम. ‘व्हॉयेजर २’चं ते बटण जणू एकाच जागी अडकलं. आता यान एकाच बारीक पट्टीतलं ऐकू शकत होतं, आणि ती पट्टीही यानातल्या उष्णतेनुसार सरकत होती.

नवं कोरं यंत्र, कोट्यवधी किलोमीटर दूर, आणि परत दुकानात आणायची सोय नाही. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी मग बिघाड काढून टाकण्याचा नाद सोडला आणि बिघाडाचा अभ्यास सुरू केला. यानातलं कोणतं उपकरण चालू केल्यावर किती उष्णता वाढते, त्यानं पट्टी किती सरकते, अमुक वेळी पृथ्वीचा फिरण्याचा वेग किती फरक पाडेल, हे सगळं मोजून ते आधीच बदललेल्या कंप्रतेवर आदेश पाठवू लागले. यान ऐकायला चुकत होतं, तर माणसं त्या चुकीच्या मापानं बोलायला शिकली. शनीजवळून जाताना या यानाचा कॅमेरे फिरवणारा मंचही अडकला. तेव्हा तशाच यंत्रणेवर पृथ्वीवर प्रयोग करून पाहिले. वेगानं फिरवल्यामुळे दातेरी चाकांमधलं वंगण निघून जात होतं, असं लक्षात आलं. पुढे मंच सावकाश फिरवायचा असं ठरलं, आणि जानेवारी १९८६ मध्ये त्याच मंचानं युरेनसची चित्रं काढली. राखीव रिसीव्हर तर तसाच राहिला आणि त्याच्याच भरवशावर यान युरेनस व नेपच्यूनच्याही पलीकडे गेलं.

गुरू ग्रहाला उर्दूत ‘मुश्तरी’ म्हणतात. आणि मुश्तरी या शब्दाचा दुसरा अर्थ आहे खरेदीदार, गिऱ्हाईक. मराठीकडे पाहावं तर तिथेही ‘ग्रह’ आणि ‘ग्राहक’ एकाच धातूतून आलेले, दोन्ही ‘पकडणारे’. दोन भाषांनी आपापल्या वाटेनं आकाशातला ग्रह आणि बाजारातला ग्राहक यांना शेजारी बसवलं आहे. तेव्हा या शेजारधर्माला जागून मी माझ्या खरेदीची गोष्ट इथे सांगितली तर वाचकांनी चालवून घ्यावं.

मी अंधेरीत राहते आणि शाळेसाठी मेट्रोनं घाटकोपरला जाते. मागच्या वर्षी हप्त्यांवर नवा लॅपटॉप घेतला. गेली अकरा वर्षं मी मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांची एक यादी वाढवत आले आहे. ‘दुरुस्ती’ फारसीतून आली, ‘नकाशा’ अरबी ‘नक्श’मधून, अशा नोंदींची. ती यादी जुन्या कॉम्प्युटरवरून या लॅपटॉपवर आणली. बाविसाव्या दिवशी पडद्यावर उभ्या रेघा आल्या आणि पडदा काळा झाला. बंद करून चालू केला, ठीक. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन, रांग, फॉर्म. त्यांनी एक दिवस ठेवून घेतला आणि परत देताना कागदावर लिहिलं की तपासणीत दोष आढळला नाही. खरंच आढळला नव्हता. तिथे एसीत, काउंटरवर तो उत्तम चालत होता. घरी आणला, तिसऱ्या दिवशी रेघा. दुसऱ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, फॉरमॅट मारून देतो. डेटा जाईल, इथे सही करा.” माझ्या यादीची प्रत पेन ड्राइव्हवर होती, त्यामुळे ती जाण्याची भीती नव्हती. पण मला एवढंच कळेना की दोष कुठे आहे हे सापडलेलं नसताना तो पुसण्यानं जाईल हे यांना कसं कळलं? मी सही केली नाही. लॅपटॉप परत आणला आणि शंभर पानी वही काढली.

वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, जागा, चार्जर लावला होता का, काय काम चालू होतं, लॅपटॉप गरम होता का, पडदा किती मागे झुकवला होता. शेवटचा रकाना मी सहज आखला होता. पाच आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या. मग एका रविवारी सगळ्या एकत्र वाचल्या. उष्णतेचा संबंध दिसेना, चार्जरचा दिसेना, कामाचा तर नाहीच. पण सतरापैकी चौदा वेळा मी घरी जमिनीवर बसून, लॅपटॉप बुटक्या चौरंगावर ठेवून काम करत होते. तसं बसलं की पडदा बराच मागे झुकवावा लागतो. शाळेत टेबलावर तो सरळ उभा असतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरही सरळच.

तिसऱ्या खेपेला वही घेऊन गेले. लॅपटॉप चालू केला आणि पडदा सावकाश मागे नेला. पाचव्या-सहाव्या प्रयत्नात, सगळ्यांच्या देखत, रेघा आल्या. आतून एक टेक्निशियन आला. त्यानं स्वतः दोनदा करून पाहिलं आणि म्हणाला, “डिस्प्लेची केबल आहे. बिजागरीपाशी दबते.” वॉरंटीत केबल बदलून मिळाली, चार दिवसांत, डेटा जसाच्या तसा. जाताना त्यानं माझ्या वहीच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रत्येक खेपेचा जॉबशीटचा कागद जपून ठेवा, विशेषतः ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलेला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. २४ डिसेंबर २०२२ रोजी, ग्राहक दिनाच्या दिवशी, केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केलं आहे. पण या प्रत्येक दारात पहिला प्रश्न तोच विचारला जातो: काय झालं, कधी झालं, किती वेळा झालं?

हाच प्रश्न आपल्या देशात तीनशे वर्षांपूर्वी एका राजानं आपल्या उपकरणांना विचारला होता. जयपूरच्या सवाई जयसिंगानं आधी इस्लामी ग्रंथांत वर्णन केलेली पितळी उपकरणं बनवून घेतली. मोजमापं जुळेनात. बादशहा मुहंमद शाह याच्या नावानं रचलेल्या ‘झीज-ए-मुहंमदशाही’ या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याची कारणं दिली आहेत. उपकरणं आकारानं लहान, त्यामुळे अंशाचे बारीक भाग त्यांवर आखता येत नाहीत. आस झिजतो, हलतो. वर्तुळाचं केंद्र जागेवरून सरकतं. दोष असा नेमका कळल्यावर उपायही नेमका सापडला. पितळेऐवजी दगड-चुन्याची, इमारतीएवढी मोठी, न हलणारी उपकरणं. १७२४ च्या सुमारास दिल्लीला जंतरमंतर उभं राहिलं आणि मग मोजमापं पडताळून पाहण्यासाठी जयपूर, उज्जैन, मथुरा आणि बनारसला. हिंदू राजा, मुसलमान बादशहाचं नाव, फारसी भाषा, आणि पाया समरकंदच्या उलुगबेगाच्या तक्त्यांचा. दोष शोधायचा तर कोणाचं ज्ञान कोणाच्या घरचं हे विचारत बसायला त्यांना वेळ नव्हता.

मुंबईचं उदाहरण याहून जवळचं आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. पुढे १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होऊ लागली. माणसं ठरलेल्या वेळी उपकरणासमोर बसून आकडा डोळ्यानं वाचत आणि हातानं लिहीत. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर इतिहासातलं एक सर्वांत मोठं चुंबकीय वादळ आलं. त्या तासांचे आकडेही कुलाब्याच्या माणसांनी लिहून ठेवले. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता नव्यानं काढली, ती याच हस्तलिखित आकड्यांवरून. एकशे चव्वेचाळीस वर्षं ते आकडे वाट पाहत होते. गॉडफ्रीची सात वर्षं त्यापुढे काहीच नाहीत.

याच वेधशाळेवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संकट आलं. मुंबईत विजेची ट्राम येणार होती. विजेचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून वाहणार, आणि नाजूक चुंबकीय उपकरणं त्यानं थरथरणार. उपकरणांत काही दोष नव्हता, दोष शेजारात येणार होता. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. ते या पदावरचे पहिले भारतीय. चुंबकीय विभाग खाडीपलीकडे अलिबागला हलवायचं ठरलं. तिथली इमारत पोरबंदरच्या दगडात, लोखंड टाळून बांधली. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू झालं तरी कुलाब्याचं लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे नव्या जागेचे आकडे जुन्या जागेच्या आकड्यांशी जोडता येतील आणि साठ-पासष्ट वर्षांची साखळी तुटणार नाही. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली तेव्हा कुलाब्याची जबाबदारी अलिबागनं पूर्ण उचललेली होती. जुनं न पुसता नवं सुरू करणं म्हणजे काय, हे मुंबईत इतक्या व्यवस्थित करून दाखवलेलं आहे.

नोंदी जपल्या तरी उत्तर लगेच हाती पडतं असं नाही. शनीचा मुसद्दस सापडला, पण तो तसा का, हे कळायला आणखी यान आणि आणखी वाट पाहणं लागलं. ‘कॅसिनी’ यान २००४ साली शनीजवळ पोहोचलं तेव्हा उत्तर ध्रुवावर हिवाळ्याची रात्र होती. शनीचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं, त्यामुळे ध्रुवावरची रात्र जवळजवळ पंधरा वर्षांची. २००६ साली कॅसिनीनं शनीच्या स्वतःच्या उष्णतेच्या प्रकाशात, अंधारातच, तो षट्कोन पाहिला. तो अजून तिथेच होता. २००९ साली तिथे सूर्य उगवू लागला आणि मग पुढच्या वर्षांत त्याची स्पष्ट चित्रं आली. कडेनं ताशी सुमारे ३२० किलोमीटर वेगानं वारा वाहतो. आकृती मात्र आपला आकार न मोडता दहा तास एकोणचाळीस मिनिटांत एक फेरी घेते.

२०१० साली ऑक्सफर्ड विद्यापीठात आना अगियार आणि पीटर रीड यांच्या गटानं हे एका टाकीत करून दाखवलं. गोल टाकी सावकाश फिरते आहे, आत पाणी आहे, आणि पाण्यातलं एक कडं टाकीपेक्षा जरा वेगानं फिरतं आहे. वेगळ्या वेगाचे दोन प्रवाह शेजारी आले की त्यांच्या सीमेवर लाटा उठतात. ही सीमा गोलाकार असल्यामुळे लाटांना एका फेरीत पूर्ण संख्येनंच बसावं लागतं. साडेपाच लाटा बसणार नाहीत, पाच किंवा सहाच बसतील. वेगातला फरक बदलला की कधी त्रिकोण, कधी चौकोन, कधी षट्कोन उमटतो. मुलांना मी बांगडीचं उदाहरण देते. बांगडीवर नक्षी कोरायची तर फुलं पूर्णच बसली पाहिजेत, जोडावर अर्धं फूल चालत नाही. आपल्या पृथ्वीवरही उत्तरेकडे उंचावर असाच वेगवान वारा नागमोडी वाहतो, पण खाली डोंगर आहेत, समुद्र आहेत, ते त्या लाटा मोडतात. शनीला खाली जमीनच नाही, म्हणून नक्षी टिकते.

गुरूची नक्षी वेगळ्या कारणानं आहे. तिथे लाटा नसून स्वतंत्र वादळं एकमेकांना ढकलत, अंतर राखत बसलेली आहेत. १८७८ साली अमेरिकेत आल्फ्रेड मेयर यांनी चुंबकीय सुया बुचांत खोचून पाण्यावर तरंगत सोडल्या आणि वर एक मोठं चुंबक धरलं. वरचं चुंबक सगळ्यांना मध्ये खेचतं, सुया एकमेकींना दूर लोटतात. शेवटी त्या आपोआप त्रिकोण, चौकोन, पंचकोन मांडून बसतात, आणि संख्या वाढली की एखादी मधोमध जाते. कोणी मांडणी केलेली नसताना मांडणी होते. २०१६ साली गुरूपाशी पोहोचलेल्या ‘जुनो’ यानानं ध्रुवांवर तसंच दृश्य पाहिलं आणि मार्च २०१८ मध्ये ते जगापुढे आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर दक्षिणेकडच्या पाचांत एक लहान सहावं वादळ घुसलं आणि मुखम्मसाचा मुसद्दस झाला.

आणि पुन्हा तेच. जुनोही पोहोचल्यावर लगेच बिघडलं होतं. इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या यंत्रणेतल्या झडपा नीट उघडेनात, म्हणून चौदा दिवसांच्या कक्षेत जाण्याचा बेत सोडून यान त्रेपन्न दिवसांच्या कक्षेतच ठेवलं. पुढे गुरूच्या किरणोत्सर्गानं त्याचा कॅमेरा खराब होत गेला, चित्रांवर रेघाच रेघा. डिसेंबर २०२३ मध्ये अभियंत्यांनी तो कॅमेरा यानातल्याच हीटरनं मुद्दाम तापवला, या आशेवर की आतली इजा उष्णतेनं भरून येईल. ३० डिसेंबरला गुरूच्या आयो उपग्रहाजवळून जायच्या आत चित्रं पुन्हा स्वच्छ येऊ लागली.

आता त्या व्हिडिओंकडे वळू. काबाचा संबंध षट्कोनाशी जोडणाऱ्याला एवढंच सांगावं की १९८८ पूर्वी ही आकृती जगात कोणालाच माहीत नव्हती. जे कोणी पाहिलेलंच नाही, त्याची शेकडो वर्षांपूर्वी कोणी नक्कल कशी करणार? आणि आपल्यातल्या चमत्कारवाल्यांनाही हेच उत्तर लागू आहे. आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, असं म्हणून आपण पूर्वजांचा मान वाढवत नाही. उलट त्यांनी जे खरोखर केलं तेच झाकून टाकतो. अल-बत्तानीनं नवव्या-दहाव्या शतकांत रक्का शहरात चाळीसेक वर्षं आकाश मोजलं आणि टॉलेमीचे आकडे सुधारले. अब्दुर्रहमान अल-सूफीनं ९६४ च्या सुमारास टॉलेमीच्या ताऱ्यांची यादी घेतली आणि त्यांची तेजस्विता स्वतः पाहून नव्यानं लिहिली. टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी जाळला नाही आणि डोक्यावरही घेतला नाही. कुठे चुकतो ते नोंदवून दुरुस्त केला. ‘दुरुस्त’ म्हणजे मूळ फारसीत अखंड, बरोबर, धडधाकट. हा शब्द मराठीनं इतका आपला करून घेतला की तो बाहेरून आला होता हे आज कोणाला आठवतही नाही. आपल्या वारशातला हा भाग मुलांना सांगण्यासारखा आहे.

मे २०२५ मध्ये शनीवर विषुवदिन झाला. उत्तर ध्रुवावरचा सूर्य मावळला. आता तो मुसद्दस जवळजवळ पंधरा वर्षं अंधारात फिरत राहील, आणि कॅसिनी तर २०१७ सालीच शनीच्या वातावरणात जळून गेलं. तिथे पुन्हा उजेड येईल तेव्हा साल असेल २०४० च्या आसपास. आज माझ्या आठवीच्या वर्गात बसणाऱ्या मुली तेव्हा अठ्ठावीस-तीस वर्षांच्या असतील. तोवर कॅसिनीची हजारो छायाचित्रं सगळ्यांना पाहण्यासाठी खुली आहेत. गॉडफ्रीसारखं पुन्हा काढून, जोडून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. गेल्या आठवड्यात मी वर्गात प्रत्येकीला एक कोरी वही आणायला सांगितली. रोज एक गोष्ट बघायची आणि वेळेसकट लिहायची. खिडकीतून दिसणारे ढग, नळाला पाणी येण्याची वेळ, बंद पडणारा पंखा, काहीही. एकीनं विचारलं, “टीचर, ह्याचे मार्क मिळणार का?” मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी चाळीसपैकी एकवीस जणी वही घेऊन आल्या.